शिवराईची खरी किंमत

गणपतीच्या आधीचे दोन दिवस कोकणातल्या घरात मोठ्या धांदलीचे असतात. देवघरातली तांब्यापितळेची भांडी अंगणात येतात आणि चिंचेचा कोळ लावून लख्ख घासली जातात. तुमचे आजोळ रेवदंडा, चौल, अलिबाग किंवा मुरूड अशा रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावात असेल, तर त्या भांड्यांच्या ढिगात कधी कधी एक जाडसर, वेडावाकडा, काळपट हिरवा तुकडा सापडतो. पूजेच्या कलशात सुपारीबरोबर टाकायचा तो पैसा. आजी त्याला 'शिवराई' म्हणते आणि तिच्या सासूबाईही तसेच म्हणत असत. हा पैसाही भांड्यांबरोबर चमकवून टाकावा म्हणून तुम्ही चिंचेचा गोळा उचलता.

थांबा! त्या पैशाला चिंच लावण्यापूर्वी हा लेख शेवटपर्यंत वाचा. पाच मिनिटांच्या घासण्याने तुम्ही त्याची निम्मी गोष्ट पुसून टाकाल, आणि ती पुन्हा कोणालाही लिहिता येणार नाही.

हा पैसा आला कोठून?

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. या राज्याच्या नावाने दोन प्रकारची नाणी निघाली. सोन्याचा 'होन' आणि तांब्याची 'शिवराई'. दोहोंवर मजकूर एकच. एका बाजूला तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला दोन ओळींत 'छत्र पति'. त्या काळच्या मोगली नाण्यांवर आणि दख्खनच्या सुलतानांच्या नाण्यांवर फारसी मजकूर असे. ही अक्षरे मात्र देवनागरी होती. होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा, बोटाच्या नखाएवढा. शिवराई त्यापेक्षा पुष्कळ जड.

राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईच्या इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता. तो मुंबईहून गलबताने चौलला आला आणि तेथून खाडीने व पायवाटेने गडाकडे गेला. म्हणजे तुमच्या आजोळच्या किनाऱ्यावरूनच तो गेला म्हणा ना! त्याने बरोबर आणलेल्या मागण्यांत एक मागणी अशी होती की, इंग्रजांचे नाणे महाराजांच्या मुलुखात चालावे. महाराजांनी उत्तर दिले ते नाणेशास्त्राच्या विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे असे आहे. ज्या नाण्यात रयतेचे नुकसान होईल ते घेण्याची सक्ती मी तिच्यावर करू शकत नाही, पण तुमचे नाणे इतर राजांच्या नाण्याइतकेच कसाचे आणि वजनाचे असेल तर मी त्याला मनाई करणार नाही, असा त्या उत्तराचा आशय होता.

कस आणि वजन! नाणे पारखण्याच्या या दोन कसोट्या साडेतीनशे वर्षांनंतरही जुन्या झालेल्या नाहीत. त्या प्रयोगशाळेत कशा लावतात ते पुढे पाहू. आधी एक कोडे सोडवू.

सोने दुर्मिळ, तांबे मुबलक

आज शिवकालीन होन फार थोडे उरले आहेत. शिवराया मात्र अजूनही घरोघरी सापडतात. असे का झाले असावे?

पहिले कारण सोपे आहे. सोने कधी टाकाऊ होत नाही. राज्य बदलले, चलन बदलले की सोन्याचे नाणे सोनाराच्या मुशीत जाते आणि पाटल्या किंवा पुतळ्या होऊन बाहेर येते. जे अधिक मोलाचे, तेच आधी वितळते. तांब्याचा पैसा वितळवून मिळणार काय? म्हणून तो डब्यात, कलशात आणि मातीत पडून राहिला.

दुसरे कारण असे की, शिवराई अतोनात काळ चालली. महाराजांनंतरच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही 'श्री राजा शिव' या अक्षरांची नाणी निघतच राहिली. लोकांचा या नावावर विश्वास होता आणि ओळखीचे नाणे बाजारात लवकर स्वीकारले जाते. पेशवाई १८१८ साली संपली, तरी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही गावोगावच्या बाजारांत शिवराई दिसत होती.

म्हणून नाण्यावर 'शिव' हे नाव दिसले की ते महाराजांच्या हयातीतलेच, असे मानण्याची घाई करू नका. शिवराईवर साल कोरलेले नसते. मग तिचे वय कसे ठरवायचे? अभ्यासक अक्षरांची वळणे पाहतात. कोठे 'शिव', कोठे 'शीव', तर कोठे चक्क 'सीव' असते. कोठे 'पति' तर कोठे 'पती'. कडेने मण्यांचे कडे आहे का, तेही पाहतात. मागच्या बाजूच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती 'दुदांडी' शिवराई, म्हणजे उत्तरकाळातली. वजनही बोलते. सुरुवातीच्या शिवराया साधारण अकरा ते तेरा ग्रॅमच्या, नंतरच्या अनेक त्यापेक्षा हलक्या आढळतात.

आणखी एक गंमत पाहा. कितीही शिवराया गोळा केल्या तरी पूर्ण मजकूर असलेली एखादीच मिळते. त्याचे असे आहे की, नाणी हाताने पाडली जात. खाली एक ठसा, त्यावर तांब्याची तापवलेली चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर हातोड्याचा घाव! ठसा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे एका नाण्यावर 'राजा' नीट उमटे, तर दुसऱ्यावर 'श्री' कडेबाहेर राही. पूर्ण अक्षरांचे नाणे संग्राहकांना मोलाचे वाटते ते त्यामुळेच.

चार प्रश्न

जुन्या वस्तूची किंमत ठरवणारा जाणकार, मग ती वस्तू कोणतीही असो, चार प्रश्न विचारतो. वस्तू खरी आहे का? ती किती दुर्मिळ आहे? तिची स्थिती कशी आहे? आणि ती आली कोठून?

हे प्रश्न नाण्यांपुरतेच नाहीत. इंग्लंड-अमेरिकेत गोल्फ खेळण्याच्या जुन्या काठ्या जमवणारे हौशी लोक आहेत. तेही हेच करतात. काठीचा दांडा हिकरी नावाच्या लाकडाचा आहे की पोलादाचा, हे ते आधी पाहतात, कारण पोलादी दांड्यांना ब्रिटनमधील नियमांनी परवानगी मिळाली ती १९२९ साली. मग डोक्यावरचा कारागिराचा शिक्का भिंगाखाली धरतात. दांडा नंतर बदललेला आहे का, ते तपासतात. आणि जुने लाकूड कोणी उत्साहाने घासून नवे वार्निश फासले असेल तर हळहळतात. काठी काय नि नाणे काय, पारखण्याची रीत एकच.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू.

पाण्यात तोललेले नाणे

सिराक्यूजच्या राजाचा मुकुट आणि आर्किमिडीज यांची गोष्ट तुम्ही पुस्तकात वाचली आहे. पाण्यात बुडवलेल्या वस्तूचे वजन तिने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके कमी भरते. हवेतल्या वजनाला या घटीने भागले की वस्तूचे विशिष्ट गुरुत्व मिळते. तांब्याचे सुमारे ८.९६, चांदीचे १०.५, शिशाचे ११.३ आणि सोन्याचे १९.३. नाण्यावर ओरखडाही न काढता आतला धातू ओळखण्याची ही युक्ती आहे.

समजा, कोणी तुम्हाला २.८० ग्रॅमचा एक 'होन' दाखवला. तो शुद्ध सोन्याचा असेल तर पाण्यात त्याचे वजन ०.१४५ ग्रॅमने घटेल. त्याच वजनाचा, पण तांब्यावर सोन्याचा मुलामा दिलेला असेल तर घट ०.३१ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दुपटीहून अधिक येईल. खोटे नाणे लगेच उघडे पडले! मात्र त्यासाठी तराजू मिलिग्रॅम दाखवणारा हवा.

शिवराईचे काम थोडे अवघड आहे. समजा, शिवराई हवेत ११.०० ग्रॅम आणि पाण्यात ९.७६ ग्रॅम भरली. घट १.२४. भागाकार आला ८.८७. हे तांब्याच्या जवळ आहे. तेवढ्याच वजनाच्या पितळी नकलेची घट सुमारे १.३० ग्रॅम येईल. फरक अवघा ०.०६ ग्रॅमचा! शिवाय जुने तांबे पूर्ण शुद्ध नसते आणि नाण्यावर गंजाचे पूटही असते. म्हणून ही कसोटी खोटे नाणे बाद करू शकते. पण उत्तर तांब्याच्या जवळ आले एवढ्यावरून नाणे जुने ठरत नाही, कारण तांबे आजही मिळते. विज्ञानात पुष्कळ कसोट्या अशाच असतात. 'नाही' हे त्या ठामपणे सांगतात, 'होय' म्हणायला मात्र आणखी पुरावा मागतात.

तो पुरावा भिंगाखाली मिळतो. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे बारीक खळगे दिसतात. अक्षरांच्या कडा मऊ, गोलसर असतात. कडेला साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ असू शकते. घावाने पाडलेल्या नाण्यात धातू दाबला जाऊन बाहेर सरकलेला असतो आणि कडेला बारीक भेगाही पडलेल्या दिसतात.

मोठ्या प्रयोगशाळांत याहून पुढे जातात. नाण्यावर क्ष-किरण टाकले की त्यातील मूलद्रव्ये आपापल्या ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण बाहेर टाकतात. त्यावरून तांब्यात शिसे, जस्त, आर्सेनिक किती ते नाण्याला धक्का न लावता कळते. तांब्यात मिसळलेल्या शिशाच्या समस्थानिकांवरून धातू कोणत्या खाणीतला असेल, याचाही अंदाज बांधता येतो. सतराव्या शतकात डच व्यापारी जपानचे तांबेसुद्धा भारताच्या किनाऱ्यावर आणून विकत असत. तेव्हा कलशातला पैसा पूर्वी कोठे कोठे फिरला असेल याचा तुम्हीच विचार करा!

हिरवा रंग : एक मित्र, एक शत्रू

आता स्थितीचा प्रश्न. तांबे हवेत राहिले की त्यावर आधी तांबूस, मग काळपट ऑक्साइडचे पूट चढते. ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्यामुळे पुढे हिरवे कार्बोनेट तयार होते. हे पूट गुळगुळीत, कठीण आणि पक्के असेल तर ते नाण्याचे चिलखत समजा. आतल्या धातूचे ते रक्षण करते. शिवाय झिजलेल्या नाण्यावर अक्षरांची शेवटची बारीक कडा पुष्कळदा या पुटातच शिल्लक असते.

चिंचेत टार्टारिक आम्ल असते. ते ऑक्साइड आणि कार्बोनेट विरघळवते. त्यामुळेच भांडी चकाकतात. नाण्याचे चिलखतही त्याबरोबर जाते, अक्षरांची कडाही जाते, आणि उघडे पडलेले तांबे पुन्हा नव्याने गंजू लागते. घासलेले, गुलाबी चकाकणारे जुने नाणे पाहून संग्राहक चटकन मागे सरतो आणि त्याची किंमत उतरते, ती याच कारणाने.

पण सगळाच हिरवा रंग मित्र नव्हे. आणि येथे समुद्रकिनाऱ्याचा संबंध येतो. खाऱ्या हवेत आणि खाऱ्या मातीत क्लोराइड असते. ते तांब्यात शिरले की क्युप्रस क्लोराइड तयार होते. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याची पाणी आणि ऑक्सिजन यांच्याशी क्रिया होऊन एक फिकट हिरवी भुकटी आणि थोडे हायड्रोक्लोरिक आम्ल निर्माण होते. हे आम्ल आणखी तांबे खाते, त्याचे पुन्हा क्लोराइड होते, आणि चक्र सुरूच राहते. वरून एखादाच ठिपका दिसतो आणि आत नाणे पोखरले जाते. याला ब्राँझचा रोग म्हणतात. तांब्यालाही तो होतो.

ओळखायचे कसे? काडीच्या टोकाने हलकेच स्पर्श करून पाहा. कठीण, गडद हिरवे पूट हलत नाही. रोगाचा ठिपका फिकट असतो आणि त्याची पूड निघते. अशी पूड दिसली तर ते नाणे इतरांपासून वेगळे काढा आणि कोरडे ठेवा. घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकली की ओलावा शोषला जातो. पाण्याविना रोगाचे चक्र थांबते. पुढचा इलाज संग्रहालयातल्या तज्ज्ञाचा. ते बेन्झोट्रायझोल नावाचे रसायन वापरतात. ते घरी करून पाहायचे नसते.

मडके फोडले की पुस्तक फाटते

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित. नाणे आले कोठून?

हा किनारा फार जुन्या व्यापाराचा आहे. चौल बंदराचा उल्लेख ग्रीक आणि रोमन काळातल्या लेखकांनी केला आहे. पोर्तुगिजांनी रेवदंड्याला सोळाव्या शतकात कोट बांधला आणि १७४० साली तो मराठ्यांच्या हाती आला. जंजिऱ्याच्या सिद्दींनी स्वतःची नाणी पाडली. इराणमधून आलेली 'लारी' तर नाण्यासारखी दिसतही नसे. ती म्हणजे मधोमध दुमडलेली चांदीची तार! विजापूरच्या आदिलशहाने तशाच लाऱ्या दाभोळला पाडल्या.

आता समजा, एखाद्या वाडीत विहीर खणताना एक मडके निघाले. त्यात काही लाऱ्या, काही पोर्तुगीज नाणी आणि वीस शिवराया आहेत. पोर्तुगीज नाण्यांतल्या सर्वांत अलीकडच्या नाण्यावर १७३० हे साल आहे. तर हे मडके १७३० पूर्वी पुरलेले असूच शकत नाही. आणि साल नसलेल्या शिवराया कोणत्या नाण्यांच्या सोबतीने वापरात होत्या तेही कळले. एकेक नाणे मुके होते, पण सगळी मिळून बोलू लागली.

पण सापडणाऱ्यांनी ती आपसांत वाटून घेतली आणि वेगवेगळ्या बाजारांत विकली तर? नाणी सगळी जगात राहतील, पण चौलच्या बाजाराचे ते पान कायमचे फाटले. दुकानदाराने दिलेले पैसे त्याची भरपाई करू शकत नाहीत.

म्हणूनच कायदाही जपून वागायला सांगतो. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. हा कायदा १८७८ सालचा आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ सालच्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. संरक्षित किल्ल्यांवर नाणी शोधण्यासाठी खणणे हाही गुन्हा आहे. आजीच्या कलशातला वारशाने आलेला पैसा मात्र तुम्ही खुशाल सांभाळा.

तुम्ही काय कराल?

आधी सराव करा. आजचे दहा नवे, एकसारखे, पोलादी एक-रुपयाचे शिक्के घ्या. प्रत्येकाचे वजन सुमारे ३.०९ ग्रॅम असते. दहाही शिक्के दोऱ्याने एकत्र बांधा, हवेत तोला, मग तराजूला टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोला. भांड्याच्या तळाला ते टेकू देऊ नका आणि चिकटलेले बुडबुडे झटकून टाका. घट चार ग्रॅमच्या आसपास येईल. भागाकार करा. ७.७ च्या आसपास उत्तर आले तर तुमचा हात बसला असे समजा.

जुने नाणे मात्र घरी पाण्यात बुडवू नका. ते काम प्रयोगशाळेवर सोपवा. तुम्ही फक्त त्याचे टिपण ठेवा. नाणे कडेला धरून उचला, कारण बोटांच्या घामातही मीठ असते. दोन्ही बाजूंचे छायाचित्र पट्टीसह काढा. कोरडे वजन आणि व्यास लिहा. दिसतील तेवढीच अक्षरे लिहा, न दिसणारी कल्पनेने भरू नका. आणि आजीला विचारून लिहा की, हा पैसा घरात कोणी आणला, कोणत्या गावचा, केव्हापासून आहे. नाणे कागदाच्या कोऱ्या पाकिटात ठेवा. पी.व्ही.सी. प्लास्टिकची पाकिटे टाळा, कारण त्यांतून कालांतराने क्लोरीनयुक्त आम्ल सुटते.

सवड मिळाली की मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहा. नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाला वाहिलेली एक संस्था आहे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडेही जुनी नाणी आहेत. तेथे तुमची वही दाखवा. जाणकार माणूस नाण्याआधी वही मागेल, हे अनुभवाल.

शिवराईचे बाजारात किती पैसे येतील, असे कोणी विचारले तर सांगा की, साधी, झिजलेली शिवराई फारशी महाग नसते. पण तुमच्या पणजीच्या हातून आलेली, गावाचे नाव माहीत असलेली, न घासलेली शिवराई दुसरी कोठेही मिळणार नाही.

तेव्हा या गणपतीत भांडी जरूर घासा. कलशात आजचा एखादा रुपया टाका. आणि तो काळपट हिरवा पैसा आजीकडून मागून घेऊन, तारीख घालून, तुमच्या वहीतल्या पहिल्या पानावर त्याची नोंद करा.